भिंत आमची, चित्र भलतंच: जिल्हा नियोजन समितीला खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री, मा. जिल्हाधिकारी आणि जिल्हा नियोजन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सादर नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात समितीच्या निधीतून पूर्व विदर्भातल्या आमच्या तालुक्यातल्या शाळा, अंगणवाड्या आणि ग्रामपंचायतींच्या भिंती चित्रांनी रंगवल्या गेल्या. पैसा चित्रासाठी मंजूर झाला, ही आमच्या भागात दुर्मीळ गोष्ट आहे आणि त्याबद्दल आपले आभार. पण तो पैसा ज्या वाटेनं गेला, त्याबद्दल गप्प बसवत नाही. लेखी अर्ज देऊन झाला. ‘नियमानुसार कार्यवाही झालेली आहे’ एवढंच उत्तर आलं. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

सगळ्या भिंती एकत्र करून एकच निविदा काढली गेली. रक्कम मोठी झाली, म्हणून अटीही मोठ्या झाल्या: मागच्या वर्षांची उलाढाल, जीएसटी नोंदणी, अनामत रक्कम, सरकारी कामाच्या अनुभवाचा दाखला. निविदा भरणाऱ्याला चित्र काढता येतं का, हे विचारणारी अट मात्र त्यात कुठेच नव्हती. काम गेलं लांबच्या शहरातल्या एका ठेकेदाराकडे. त्यानं पोटठेका दिला, पोटठेकेदारानं मुकादम नेमला, आणि शेवटी शिडी लावून भिंतीपुढे उभे राहिलो ते आम्हीच, तालुक्यातले पेंटर. सहाशे रुपये रोजीनं. डबा ज्याचा त्याचा.

मुकादमानं मोबाइलवर नमुना दाखवला. गेरूच्या रंगावर पांढऱ्या त्रिकोणांची माणसं, मधोमध तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर. वारली चित्रकलेबद्दल माझ्या मनात आदरच आहे, पण ती डहाणू-जव्हारकडची आहे. आमच्याकडे तारपा कोणी वाजवत नाही. आमच्याकडे दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं आहेत, गोंड-माडिया गावांत रेला नाचतात. मी म्हटलं, रेला काढू, धानाची रोवणी काढू, पहाटे मोहफूल वेचणाऱ्या बाया काढू. पैसे वाढवून नकोत. मुकादम म्हणाला, वर्क ऑर्डरला जोडलेला नमुना हाच आहे, त्यात बदल चालत नाही. मग काढला तारपा. शाळेतली एक पोरगी बराच वेळ बघत उभी होती. तिनं विचारलं, “हे कोनतं गाव होय जी?”

चित्र पूर्ण झाल्यावर कोपऱ्यात नाव टाकू का, असं विचारलं. त्या जागी ठेकेदाराचा फोन नंबर आला.

मी कोण, तेही सांगतो. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, केलेला माणूस आहे. काही वर्षं शाळेत तासिकेवर चित्रकला शिकवली, ती तासिका बंद झाली. आता मुख्य काम झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या धान-जंगलाच्या भागातल्या, नाटकांचे पडदे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होते, वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, ते थेट होळीपर्यंत. त्याच्या आत पडदे तयार लागतात: राजवाडा, जंगल, गावचा रस्ता, श्रीमंताचा दिवाणखाना, गरिबाची झोपडी. (झोपडीचा पडदा सगळ्यात लवकर फाटतो, कारण तो जवळजवळ प्रत्येक नाटकात लागतो.) पोळ्याच्या आधी पोरांच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवायला येतात. मग गणपती, मग शारदा आणि दुर्गा. उन्हाळ्यात लग्नघरच्या भिंती. हात बारा महिने रंगात असतो, तरी कुठल्याही सरकारी अर्जात व्यवसायाच्या रकान्यात मला ‘इतर’ वरच खूण करावी लागते.

‘तुमच्याकडे कलाकार आहेत कुठे?’ असं मला एका बैठकीत विचारलं गेलं होतं. प्रश्न विचारणाऱ्यांच्या मागच्या भिंतीवर फ्लेक्स होतं. फ्लेक्स येण्याआधी तालुक्याच्या प्रत्येक गावी दोन-चार माणसं अशी होती, ज्यांना लोक नावापुढे ‘पेंटर’ लावूनच हाक मारायचे. दुकानाची पाटी, ट्रकची पाठ, निवडणुकीची भिंत, शाळेतला भारताचा नकाशा, सगळं त्यांच्या हातचं. त्यातले एक आता पानठेला चालवतात. दुसरे फ्लेक्सच्याच दुकानात कॉम्प्युटरवर बसतात. ज्यांच्याकडून मी अक्षर शिकलो, ते म्हणतात, “आता चित्राले कोन इचारते बाप्पा!” फ्लेक्सशी भांडण नाही. स्वस्त आहे, रात्रीतून छापून मिळतं, दुकानदार ते घेणारच. पण जिथं सरकारनं खास हातानं काढलेल्या चित्रासाठी पैसे दिलेत, तिथंही हात चालवणाऱ्याला सगळ्यात कमी मिळावं, याचं उत्तर बाजाराला विचारता येत नाही. ते आपल्यालाच विचारावं लागतं.

मोजणीचंही तसंच. नुसता डिस्टेंपर मारलेली भिंत आणि चित्र काढलेली भिंत एकाच टेपनं, चौरस फुटावर मोजली जाते. वाघाच्या डोळ्याला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आकाशाची अख्खी पट्टी होते, पण मोजमापाच्या वहीत (एमबीत) दोन्हींचा भाव सारखा. त्यामुळे कोणताही शहाणा ठेकेदार आकाश जास्त आणि वाघ लहान ठेवतो. आपण पाहणीला गेलात तर बघा.

आम्हाला कामगार म्हणून तरी कुठे धरलंय? केंद्राची विश्वकर्मा योजना २०२३ मध्ये आली. त्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार आहे, कुंभार आहे, मूर्तिकार आहे, टोपल्या विणणारा आहे, खेळणी करणारा आहे, हार गुंफणारा आहे. या सगळ्यांना मिळालं ते योग्यच. चित्र रंगवणारा मात्र त्या यादीत नाही. म्हणजे तान्ह्या पोळ्याचा नंदी कोरणारा कारागीर आहे आणि त्याच नंदीला डोळे देणारा कोणीच नाही. कलावंत म्हणून जावं तर राज्याची वृद्ध कलावंतांची मानधन योजना आहे, महिना पाच हजार. ती पन्नाशीनंतर. पन्नाशीपर्यंत कलावंत म्हणून जगायचं कसं, ते कुठल्याच योजनेत लिहिलेलं नाही.

२०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्या दिवशी आमच्या भागात घराघरांत पेढे वाटल्यासारखा आनंद होता. माझाही. पण रंगभूमी एकट्या नटाची नसते. त्याच्या मागे पडदा असतो, तो कोणीतरी रंगवलेला असतो, आणि झाडीपट्टीवर बोलणाऱ्या किती जणांना एका तरी पडदेवाल्याचं नाव सांगता येईल, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

आता मुख्य मुद्दा. कलाकार सापडतो कसा?

आजची पद्धत अशी: कुठेतरी जाहिरात निघते, पोर्टल उघडतं, पीडीएफ मागतात, स्वतःच्या चित्रांविषयी इंग्रजीत पानभर लिहून मागतात, आणि ज्यांनी भरलं त्यांच्यातून निवडतात. म्हणजे कलाकारानं स्वतःला शोधून द्यायचं. जे मुंबई-पुण्यात वाढले, ज्यांच्या ओळखीत कोणी क्युरेटर आहे, त्यांना हे जमतं. मुंबईच्या जहांगीरमध्ये, १९५२ पासूनच्या त्या कलादालनात, आठवडा मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. नंबर लागला तर भाडं भरायचं, फ्रेम करायच्या, गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये त्या फ्रेमा काच न फोडता न्यायच्या, आठवडाभर मुंबईत राहायचं. विकलं नाही तर तसंच परत. राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा विभाग आहे, कलाकारांचा आहे, दोन्ही चांगले. पण तिथं चित्र पोचवणं हेच आमच्याकडच्या माणसाला एक मोहीम वाटते. केंद्र सरकार १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांना दोन वर्षं महिना पाच हजारांची शिष्यवृत्ती देतं. आमच्या तालुक्यातल्या पोरांना ती कळेपर्यंत त्यांचं वय निघून गेलेलं असतं.

पूर्वी हे उलट व्हायचं. १९६६ च्या सुमाराला बिहारात दुष्काळ पडला तेव्हा हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी नावाच्या मराठी चित्रकाराला मधुबनीला पाठवलं. ते गावांत गेले, बायकांना कागद दिले, भिंतीवर काढता ते यावर काढा म्हणाले. मधुबनी चित्रं आज जगभर जातात. हेच कुलकर्णी पुढे सत्तरच्या दशकात डहाणूकडे पोचले आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे लोकांना दिसले. म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या शाळेच्या भिंतीवर जो तारपा आला, तो इतक्या लांब यायचं कारण एवढंच की कधीकाळी एक माणूस त्या पाड्यापर्यंत गेला होता. आमच्याकडे कोणी आलं असतं तर कदाचित डहाणूच्या शाळेत रेला दिसला असता आणि मी तिथल्या चित्रकारांची माफी मागत असतो!

दुसरं उदाहरण तर आमच्या बांधाला लागून आहे. गोंदियाहून बालाघाट, मंडला ओलांडून पुढे गेलं की पाटनगढ लागतं. भोपाळचं भारत भवन १९८२ मध्ये सुरू झालं. त्याच्या उभारणीच्या काळात चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी तरुण कलाकारांना मध्य प्रदेशातल्या खेड्यापाड्यांत पाठवलं. पाटनगढला एका भिंतीवरची चित्रं त्यांच्या नजरेत भरली. ती काढणारा परधान गोंड पोरगा म्हणजे जनगढसिंह श्याम. त्याला भोपाळला नेलं, कागद आणि रंग दिले, भारत भवनात काम दिलं. भोपाळचं नवं विधानभवन झालं तेव्हा त्याच्या भिंतीवर चित्रं काढायला जनगढ यांनाच बोलावलं होतं. सर्वांत कमी दर कोणाचा, हे बघून ती भिंत दिली नव्हती. आज पाटनगढच्या घरोघरी चित्रकार आहेत. त्याच समाजातले भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाई व्याम यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. परधान आमच्या चंद्रपुरात आहेत, यवतमाळात आहेत. आमच्या तालुक्यात तरी कागद घेऊन आलेला कोणी मी पाहिलेला नाही.

याच गोष्टीचा दुसरा भागही सांगायला हवा, कारण तो सांगितल्याशिवाय ‘कलाकार शोधा’ ही मागणी अर्धीच राहते. जनगढ २००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी चित्रं काढायला गेले होते. तिथंच, ऐन उमेदीत, त्यांचा मृत्यू झाला. शोध लागला, नाव झालं, तरी परक्या ठिकाणी काम करणाऱ्या कलाकाराच्या पाठीशी कोण उभं आहे, हा प्रश्न तेव्हाही होता. त्यामुळे पुढे जे मागतो आहे त्यात लेखी कराराचा मुद्दा उगाच घातलेला नाही.

नागपूरबद्दलही बोलायला हवं. वासुदेव गायतोंडे, ज्यांची चित्रं आज कोट्यवधींना विकली जातात, ते १९२४ मध्ये नागपुरात जन्मले आणि घडले मुंबईत. शंभर वर्षांत हा रस्ता फारसा बदललेला नाही. विदर्भात सरकारी चित्रकला महाविद्यालय एकच, नागपूरला. तिथवर जायचं तर आधी शाळेत कोणीतरी हातात ब्रश द्यावा लागतो. शिक्षण हक्क कायदा म्हणतो, सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तर कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा. शंभरापेक्षा जास्त! आमच्या जंगलपट्ट्यातल्या किती शाळांत त्या तीन वर्गांत मिळून शंभर पोरं असतात, ते शिक्षणाधिकाऱ्यांकडून मागवून बघा. कायदा मोडलेला नाही, तो आमच्या गावापर्यंत येतच नाही. राहिल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा. जिथं कोणी हौशी शिक्षक आहे तिथली पोरं बसतात, दहावीला वाढीव गुण घेतात आणि रंगपेटी माळ्यावर टाकतात. त्यांचा दोष नाही. पुढे काय करायचं, हे त्यांनी विचारलं तर माझ्याकडेही सांगण्यासारखं काही नसतं.

आपल्याच विदर्भात हे नीट होऊ शकतं, याचा पुरावा रेल्वेनं दिलेला आहे. २०१८ मध्ये स्थानक सजावटीच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत बल्लारशा आणि चंद्रपूर या स्थानकांना पहिलं बक्षीस मिळालं, दहा लाखांचं. त्या भिंतींवर ताडोबातले प्राणी होते, इथलं आदिवासी जीवन होतं. कोणी मोबाइलवर परजिल्ह्यातला नमुना दाखवला असता तर ते बक्षीस आलं असतं असं मला वाटत नाही.

तर मागण्या.

एक, भिंतींची कामं एकत्र करून मोठी निविदा काढू नका. एक शाळा, एक काम. ग्रामपंचायतीला किंवा शाळा व्यवस्थापन समितीला ते थेट देऊ द्या. निवड आधीच्या कामाचे फोटो आणि एक कच्चं रेखाटन बघून व्हावी. उलाढालीची अट चित्राच्या कामाला लावू नका. ज्याची उलाढाल लाखांत आहे तो शिडीवर चढत नाही.

दोन, चित्राचा विषय गावानं ठरवावा. वर्क ऑर्डरला नमुना जोडायचाच असेल तर तो त्या गावच्या कलाकारानं काढलेला असावा.

तीन, चित्राखाली काढणाऱ्याचं नाव आणि गाव. याला एक रुपयाही लागत नाही. तरी आजवर झालेलं नाही, म्हणून वेगळी मागणी करतो आहे.

चार, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची: कलाकार शोधायला माणसं पाठवा. फार नकोत, एका तालुक्याला दोन. एटीडी किंवा जीडी आर्ट ही चित्रकलेची पदविका झालेली, बेकार बसलेली पोरं जिल्ह्यात आहेतच, त्यांनाच हे काम मानधनावर द्या. पावसाळ्यात पाठवू नका, कोणी भेटणार नाही, सगळे रोवणीत असतात. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत पाठवा. एका मंडईत जितके दंडारवाले, सोंगं रंगवणारे, नंदी कोरणारे, पडदेवाले एका जागी दिसतात तितके कुठल्याच पोर्टलवर दिसणार नाहीत. त्यांनी नाव, गाव, कामाचे फोटो घ्यावेत आणि सोबत कागद-रंग द्यावेत. माडिया गावांत जाताना तिथली भाषा येणारा सोबत असावा. ही नोंद जिल्ह्याच्या संकेतस्थळावर मराठीत ठेवा. ताडोबा-नवेगावच्या आसपास इतके रिसॉर्ट उभे राहिलेत, त्यांच्या भिंतींवर काय टांगलेलं असतं ते बघितलं की कळतं की गिऱ्हाईक आहे, पत्ता नाही.

पाच, या नोंदीतून बाहेर काम मिळेल तेव्हा एक पानाचा मराठी करारनामा समितीनं तयार करून ठेवावा: किती पैसे, कधी, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कोणाचा, चित्र पुन्हा छापलं तर काय. वकील लावायची आमची ऐपत नाही. छापील नमुना असला की ठेकेदारही जरा जपून बोलतो.

सहा, तालुक्याच्या ठिकाणी जे सभागृह आहे त्यातली एक खोली चित्रं टांगण्यासाठी. नवी इमारत मागत नाही. नव्या इमारतीचं भूमिपूजन होतं आणि पुढे काय होतं ते आपण सगळे जाणतो. खिळे, दिवे आणि संध्याकाळी कुलूप उघडणारा माणूस एवढं पुरे. राज्य प्रदर्शनासाठी चित्रं तिथंच गोळा करून एका गाडीनं पाठवता येतील.

सात, शंभर मुलांची अट ज्या शाळांना लागू होत नाही, अशा चार-पाच शाळा मिळून एक फिरता कलाशिक्षक जिल्ह्याच्या नावीन्यपूर्ण योजनेतून द्यावा. कायदा बदलणं आपल्या हातात नाही हे ठाऊक आहे. मोटारसायकलचं पेट्रोल देणं आहे.

विश्वकर्मा योजनेत चित्र रंगवणाऱ्यांचा समावेश व्हावा, अशी शिफारस पालकमंत्र्यांनी केंद्राकडे केली तर तीही हवी आहे. पण ती वरची गोष्ट झाली, तिच्यासाठी पहिल्या चार मागण्या अडवून ठेवू नयेत.

या मागण्यांवर चर्चा होणार असेल तर आम्हाला बोलवा. तालुक्यातले पेंटर मिळून येऊ, नमुने सोबत आणू, एसटीचं भाडं आमचं आम्ही भरू. बैठक दसऱ्यापर्यंत ठेवलीत तर बरं. त्यानंतर पडदे कंपन्यांकडे जातात आणि आमच्यातले निम्मे लोक रात्रभर स्टेजमागे असतात, त्यामुळे सकाळी अकराच्या बैठकीत जागं राहण्याची हमी देता येणार नाही.

आपला नम्र,
वैनगंगेकाठचा एक पडदे रंगवणारा